भरतीची रेषा कोठे आखायची?

केरळात कोची शहराला अगदी लागून मरडू नावाचे एक लहान शहर आहे. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे ४५ हजार होती. तेथे ११ जानेवारी २०२० रोजी सकाळी अकराच्या पुढे एक भोंगा वाजला आणि त्यापाठोपाठ १९ मजल्यांची एक इमारत पाचसहा सेकंदांत जागच्या जागी खाली बसली. खांबांना भोके पाडून त्यांत स्फोटके भरलेली होती. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मिळून चार गृहसंकुले अशा रीतीने पाडण्यात आली. त्यांत तीनशेहून अधिक बिऱ्हाडे होती. घरे नवी होती, पक्की होती, लोकांनी आयुष्याची पुंजी घालून घेतलेली होती. बांधकामात कोठे तडा गेला नव्हता की पाया खचला नव्हता. मग ती का पाडली? तर ती पाण्यापासून पुरेशी दूर नव्हती म्हणून.

पुरेशी म्हणजे किती? आणि पाण्यापासून म्हणजे नेमके कोठपासून? वरवर पाहता हे प्रश्न वकिलांचे आणि नगररचनाकारांचे वाटतील. पण दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो की चंद्र, सूर्य, हवेचा दाब, वाळूचा उतार अशी भौतिकीची मंडळी एकेक करून पुढे येतात. आज त्यांचीच ओळख करून घेऊ.

प्रथम कोरड्या जमिनीवरचे, सोपे उदाहरण घ्या. कोणत्याही नगरपालिकेच्या हद्दीत घर बांधताना कुंपण आणि भिंत यांच्यामध्ये काही जागा मोकळी सोडावी लागते. नगररचना खात्याच्या भाषेत तिला ‘सामासिक अंतर’ म्हणतात. वहीच्या पानाला आपण समास सोडतो, तसा हा जमिनीचा समास. तो उजेडासाठी, वाऱ्यासाठी आणि वेळ पडल्यास अग्निशामक बंब आत येण्यासाठी असतो. उजेडाचा हिशेब तुम्हांला सहज करता येईल. रत्नागिरीचा अक्षांश सुमारे १७ अंश आहे. २२ डिसेंबरच्या सुमारास माध्यान्ही सूर्य क्षितिजापासून ९० − १७ − २३.५ म्हणजे ४९.५ अंश उंचीवर असतो. या कोनाची स्पर्शज्या सुमारे १.१७ येते. म्हणजे १० मीटर उंचीच्या इमारतीची सावली त्या वेळी उत्तरेकडे साडेआठ मीटर पडणार. उत्तरेच्या शेजाऱ्याच्या तळमजल्याला हिवाळ्यात दुपारचे ऊन मिळावे असे वाटत असेल, तर दोन भिंतींत निदान एवढे अंतर हवे. इमारत उंच केली की समासही रुंद करावा लागतो, असे नियम असतात त्यामागे हा साधा त्रिकोण आहे.

येथे काम सोपे झाले, कारण शेजाऱ्याची भिंत जागची हलत नाही आणि सूर्याचा मार्ग पंचांगात दिलेला आहे. आता याच घराचा पश्चिमेचा शेजारी समुद्र आहे अशी कल्पना करा. या शेजाऱ्याची हद्द दिवसातून दोनदा पुढे येते आणि दोनदा मागे जाते. शिवाय ती दर पंधरवड्याला बदलते, ऋतूप्रमाणे बदलते आणि वर्षानुवर्षांनी कायमचीही बदलते. मग मोजपट्टीचे शून्य टेकवायचे कोठे?

आपल्या देशात या प्रश्नाला कायद्याचे रूप आले त्याची सुरुवात एका पत्राने झाली. २७ नोव्हेंबर १९८१ रोजी त्या वेळच्या पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना लिहिले की, समुद्राचे पाणी भरतीला जेथवर पोहोचते तेथून निदान ५०० मीटर किनारा मोकळा ठेवावा. पुढे १९ फेब्रुवारी १९९१ रोजी केंद्र सरकारने किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना काढली. वर्तमानपत्रांत ‘सीआरझेड’ हा शब्द येतो तो हाच. तिच्यातले शून्य ठरले ते असे: उधाणाच्या भरतीच्या वेळी पाण्याची सर्वांत वरची कड जमिनीवर जेथवर येते, ती भरतीरेषा.

व्याख्या चांगली आहे. कोकणातल्या कोळ्यांना उधाण आणि भांग हे दोन शब्द कुणी शिकवावे लागत नाहीत. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास सूर्य, चंद्र आणि पृथ्वी जवळजवळ एका रेषेत येतात, दोघांची ओढ एकमेकींत मिळते आणि पाणी उंच चढते. ते उधाण. अष्टमीच्या सुमारास दोघे काटकोनात असतात, एकाची ओढ दुसऱ्याची काही अंशी मोडते. ती भांगाची भरती. सूर्याचे भरती उठवण्याचे सामर्थ्य चंद्राच्या ४६ टक्के आहे. तेव्हा नुसत्या गणिताने उधाण १.४६ आणि भांग ०.५४ अशा प्रमाणात येतात, म्हणजे पावणेतीन पटींचा फरक. प्रत्यक्षात समुद्राची खोली आणि किनाऱ्याची वळणे यांमुळे हे प्रमाण जागोजाग बदलते. आपल्याच पश्चिम किनाऱ्याकडे पाहा. कोचीला उधाणाच्या भरती-ओहोटीत जेमतेम एक मीटरचे अंतर पडते, रत्नागिरीला दोनेक मीटर, मुंबईला साडेचार-पाच मीटर, आणि खंबातच्या आखातात भावनगरला ते दहा मीटरांच्याही वर जाते. आखात आत जाता जाता निमुळते व उथळ होत जाते आणि आत शिरलेले पाणी पसरायला वाव नसल्याने वर चढते.

पण व्याख्येत एक अडचण दडलेली आहे. कोणते उधाण धरायचे? चंद्र पृथ्वीच्या जवळ असताना आलेले उधाण नेहमीच्या उधाणाहून उंच असते. चंद्राच्या कक्षेची पातळी १८.६ वर्षांत एक फेरा पुरा करते, त्यानेही उधाणे थोडी उंच-सखल होतात. म्हणून भरतीच्या पातळ्यांची खरी सरासरी काढायची तर एकोणीस वर्षांच्या नोंदी लागतात. जागेचा मालक तेवढे थांबणार नाही हे उघड आहे.

त्यात हवेचा दाब आला. दाब एक मिलिबारने उतरला की समुद्राची पातळी सुमारे एक सेंटिमीटर चढते. पडताळून पाहा. एक मिलिबार म्हणजे १०० पास्कल. त्याला समुद्राच्या पाण्याची घनता १०२५ आणि गुरुत्वत्वरण ९.८ यांच्या गुणाकाराने भागा. उत्तर ०.०१ मीटर येते. चक्रीवादळाच्या केंद्रात दाब ५० मिलिबारने कमी झाला तर एवढ्यानेच पाणी अर्धा मीटर फुगते. वाऱ्याने किनाऱ्याकडे लोटलेले पाणी आणि लाटांचा चढ त्याहून वेगळा.

आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे उतार. किनारा उभ्या भिंतीसारखा असता तर पाणी २० सेंटिमीटर वर गेले काय नि खाली गेले काय, रेषा जागची हलली नसती. पण पुळण सपाट असते. पन्नास मीटर चालावे तेव्हा एक मीटर चढावे, असा उतार धरला, तर उंचीतली २० सेंटिमीटरची चूक जमिनीवर १० मीटर होऊन बसते. दहा मीटर म्हणजे एखाद्याचे संपूर्ण घर! शिवाय तीच पुळण वर्षभर सारखी राहत नाही. पावसाळ्यातल्या उंच, एकामागून एक येणाऱ्या लाटा किनाऱ्याची वाळू ओढून नेतात आणि थोड्या अंतरावर पाण्याखाली तिचा बांध घालतात. दिवाळीनंतर समुद्र निवळला की लांब, मंद लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून टाकतात. वैशाखात आखलेली रेषा आणि श्रावणात आखलेली रेषा एकच असेल असे कोणी समजू नये.

म्हणूनच ही रेषा आखण्याचे काम तलाठ्यावर किंवा जागेच्या मालकावर सोडलेले नाही. ते सरकारने नेमलेल्या संस्थांकडे आहे. अहमदाबादचे अंतराळ उपयोग केंद्र, डेहराडूनचे जलसर्वेक्षण कार्यालय, चेन्नईचे किनारा व्यवस्थापनाचे राष्ट्रीय केंद्र अशा संस्था उपग्रहांची छायाचित्रे आणि प्रत्यक्ष जागेवरच्या खुणा जुळवून नकाशे करतात. वाळूवर पडलेली काडीकचऱ्याची ओळ, वनस्पती कोठून सुरू होतात ती कड, दगडावर चिकटलेल्या कालवांची पातळी, अशा खुणा यात उपयोगी पडतात. या बाबतीत निसर्ग फार प्रामाणिक कारकून आहे.

आता मरडूकडे वळू. खुला समुद्र तेथून बराच दूर आहे. त्या इमारती होत्या वेंबनाडच्या कायलाच्या काठी. कायल म्हणजे समुद्राशी जोडलेले लांबरुंद खाजणाचे पाणी. कोचीच्या मुखातून भरती आत येते आणि या कायलाचे पाणीही चढते-उतरते. जेथे भरती पोहोचते तेथे समुद्राचा कायदाही पोहोचतो. तो कोठे थांबतो? २०११ च्या अधिसूचनेने याला सुंदर मोजमाप दिले आहे: वर्षातल्या सर्वांत कोरड्या काळात पाण्याची क्षारता जेथवर हजारी ५ भाग असेल तेथवर. समुद्राची क्षारता हजारी ३५ असते. कोरडा काळ एवढ्यासाठी की पावसाळ्यात नदीचा लोंढा खारे पाणी बाहेर ढकलतो, तर उन्हाळ्यात खारे पाणी जड असल्यामुळे तळाशी पाचरीसारखे घुसून दूरवर आत येते. अशा खाड्यांच्या आणि कायलांच्या काठी मोकळे अंतर १०० मीटर किंवा त्या पाण्याची रुंदी, यांत जे कमी असेल ते, असा नियम होता.

येथपर्यंत मोजमाप झाले. पुढचा प्रश्न वर्गवारीचा आहे आणि मरडूचा खरा घोटाळा तेथे झाला. कायद्याने किनाऱ्याचे वर्ग पाडले आहेत. पहिल्या वर्गात खारफुटी, प्रवाळ अशा नाजूक जागा. दुसऱ्या वर्गात आधीच वस्तीने भरलेला शहरी किनारा. तेथे पूर्वीपासून असलेल्या रस्त्याच्या किंवा अधिकृत घरांच्या ओळीच्या समुद्राकडील बाजूस नवे बांधू नये, एवढाच मुख्य निर्बंध. तिसऱ्या वर्गात फारसा न बिघडलेला, मुख्यत: खेड्यांचा किनारा. तेथे समुद्रकाठी भरतीरेषेपासून २०० मीटर ‘ना-विकास क्षेत्र’. म्हणजे एकाच भरतीरेषेपासून एकाच अंतरावर एका जागी दहा मजले चालतील आणि दुसऱ्या जागी झोपडी वाढवायलाही परवानगी मिळणार नाही, असे होऊ शकते. ती जागा कोणत्या वर्गात घातली आहे यावर सगळे अवलंबून.

२००६ साली मरडू ही ग्रामपंचायत होती आणि राज्याच्या १९९६ च्या किनारा आराखड्यात ती तिसऱ्या वर्गात होती. तरीही पंचायतीने बांधकामाचे परवाने दिले. दुसऱ्याच वर्षी चूक ध्यानात येऊन तिने नोटिसा काढल्या, तेव्हा बांधणारे उच्च न्यायालयात गेले आणि तेथे निकाल त्यांच्या बाजूने लागला. इमारती उभ्या राहिल्या, लोक राहायला आले. दरम्यान २०१० मध्ये मरडूची नगरपालिका झाली. शहर झाले म्हणजे आता जागा दुसऱ्या वर्गातली, असा युक्तिवाद पुढे आला. सर्वोच्च न्यायालयाने ८ मे २०१९ रोजी तो मानला नाही. परवाना दिला त्या दिवशी जागा ज्या वर्गात होती तोच वर्ग खरा, असे ठरवून न्यायालयाने इमारती पाडण्याचा आदेश दिला, आणि पुढे प्रत्येक घरमालकाला तातडीची भरपाई म्हणून २५ लाख रुपये देण्यास सांगितले. इमारती पाडल्या तेव्हा भोवतालच्या २०० मीटरांतली घरे त्या दिवसापुरती रिकामी करावी लागली.

कायद्याच्या दृष्टीने हे बरोबरच झाले. तरी एक गोष्ट मला विचित्र वाटते. भौतिकीच्या दृष्टीने कायलाचे पाणी, त्याची भरती आणि काठाचा चिखल २००६ मध्ये जसे होते तसेच २०१० नंतरही होते. ग्रामपंचायतीची नगरपालिका झाल्याने लाटेला काही कळत नाही. पुढे १८ जानेवारी २०१९ च्या नव्या अधिसूचनेने खाडीकाठचे अंतर ५० मीटरांवर आणले, आणि ज्या खेड्यांत २०११ च्या जनगणनेप्रमाणे दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त माणसे राहतात तेथे समुद्रकाठचे ना-विकास क्षेत्रही २०० वरून ५० मीटर केले. दाट वस्तीतल्या कोळ्यांना आणि गावकऱ्यांना घर वाढवायला जागा हवी, हे खरेच आहे. मात्र पाण्याचा धोका माणसांच्या दाटीबरोबर कमी होत नाही, उलट तेथे नुकसान होण्यासारखे अधिक असते.

हे ५००, २००, १००, ५० असे गोल आकडे कोठून आले? ते कोणत्याही किनाऱ्याच्या मापनातून निघालेले नाहीत, कारभाराच्या सोयीचे आहेत. काळ्या कातळाचा कडा असो की मऊ वाळूची पुळण, आकडा तोच. मापनातून आकडा काढायचा तर तो कसा निघेल, यासाठी दूर अमेरिकेतले एक उदाहरण पाहू.

उत्तर कॅरोलायना राज्यात समुद्रातल्या वाळूच्या लांबट बेटावर केप हॅटरासचे दीपगृह आहे. १८७० मध्ये ते बांधले तेव्हा समुद्र १५०० फूट, म्हणजे सुमारे ४६० मीटर दूर होता. १९७० मध्ये तेच अंतर १२० फूट राहिले. म्हणजे शंभर वर्षांत १३८० फूट किनारा गेला, सरासरी वर्षाला सुमारे १४ फूट अथवा ४.२ मीटर. अखेर १९९९ च्या उन्हाळ्यात जवळपास ४८०० टन वजनाचे ते दीपगृह पायापासून कापून, रुळांवर बसवून, तेवीस दिवसांत २९०० फूट आत सरकवण्यात आले. आज ते समुद्रापासून जवळजवळ पूर्वीइतक्याच अंतरावर आहे.

याच राज्याने १९७९ पासून घरांसाठी जो नियम धरला तो असा: त्या जागचा किनारा वर्षाला सरासरी किती झिजतो ते जुन्या नकाशांवरून व विमानातून घेतलेल्या छायाचित्रांवरून काढा. लहान घर असेल तर त्याची ३० पट करा आणि तेवढे अंतर सोडून बांधा. कोठेही ६० फुटांहून कमी मात्र नको. मोठ्या इमारतींना पट अधिक. आणि मोजायचे कोठून? भरतीरेषेपासून नव्हे, तर वाळूत टिकून राहिलेल्या झाडोऱ्याच्या पहिल्या रेषेपासून. एका उधाणाने भरतीरेषा फसवील, पण झाडोरा टिकला आहे म्हणजे खारे पाणी तेथे वारंवार आलेले नाही. हॅटरासच्या वेगाने हिशेब केला तर ३० × ४.२ म्हणजे १२६ मीटर येतात. जेथे किनारा झिजतच नाही तेथे ६० फूट, म्हणजे १८ मीटरच पुरतात.

हा नियम मला अधिक शास्त्रशुद्ध वाटतो, पण त्याने सगळे सुटले असे नाही. तीसपट म्हणजे तीस वर्षांची मुदत. शेजाऱ्याच्या बाजूचा समास पिढ्यान्‌पिढ्या तेवढाच राहतो. समुद्राच्या बाजूचा समास दरवर्षी खर्च होतो, बँकेत ठेवलेल्या रकमेतून दर साल काढत राहावे तसा. त्याच बेटांवरील रोडांथी गावात २०२० पासून दहाहून अधिक घरे समुद्रात कोसळली आहेत. ती बांधली तेव्हा त्यांच्यासमोर रुंद पुळण होती. त्या राज्यात समुद्राला पक्की भिंत घालून घर वाचवायलाही १९८५ पासून मनाई आहे. कारण भिंतीवर आपटून परतणारी लाट भिंतीच्या पायाशीच वाळू खणते आणि बाजूच्याला मिळायची ती वाळूही अडकते. एकाचे घर वाचते, शेजाऱ्याचे अंगण जाते.

शिवाय समुद्र आता स्वत:च वर येत आहे. उत्तर हिंदी महासागराची पातळी १९९३ ते २०१७ या काळात वर्षाला ३.३ मिलिमीटरने चढली. आकडा क्षुल्लक दिसतो. पण पेर ब्रून या अभियंत्याने दाखवून दिले की, पाणी चढले की पुळण नुसती बुडत नाही, लाटा तिचा सारा उतारच नव्याने घडवतात आणि किनारा चढीच्या साधारण ५० ते १०० पट मागे हटतो. इमारतीचे आयुष्य ६० वर्षे धरा. ६० × ३.३ म्हणजे सुमारे २० सेंटिमीटर चढ आणि किनाऱ्याची पीछेहाट १० ते २० मीटर. हा नियम वाळूच्या किनाऱ्याचा आहे, कातळाला लावू नये, आणि नदीतून येणारी नवी वाळू तो जमेस धरत नाही. तरी अंदाज बांधायला बरा.

भारतातही असा विचार झालेला आहे. डॉ. एम. एस. स्वामीनाथन यांच्या समितीने २००५ मध्ये सुचवले की, सरसकट अंतराऐवजी जमिनीची उंची, किनाऱ्याची सरकण्याची गती, लाटा व भरती यांवरून प्रत्येक जागी धोक्याची रेषा काढावी. त्यावर २००८ मध्ये अधिसूचनेचा मसुदा आला. मच्छीमार संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला. लवचीक रेषेचा फायदा गरीब कोळ्याला मिळण्याऐवजी पैसेवाल्यांना मिळेल, ही त्यांची भीती निराधार म्हणता येणार नाही. गोल आकड्याचा एक गुण मान्य केला पाहिजे: तो कुणालाही टेप लावून तपासता येतो. २००९ मध्ये तो मसुदा मागे पडला. पुढे भारतीय सर्वेक्षण खात्याने देशभर धोक्याची रेषा आखली खरी, पण २०१९ च्या अधिसूचनेत ती आपत्ती-नियोजनासाठी आहे. घर कोठे बांधावे हे अजून भरतीरेषेपासूनच्या ठरीव मीटरांवरच ठरते.

किनाऱ्याजवळच्या शाळांना या कामात खरी मदत करता येईल, आणि साहित्य लागते दोन काठ्या. प्रत्येकी दीड मीटर लांबीच्या दोन सरळ काठ्या घ्या. त्यांवर वरून खाली सेंटिमीटरच्या खुणा करा. दोन्हींमध्ये दीड मीटरची दोरी बांधा. ओहोटीला, शिक्षकांबरोबर, एखाद्या न हलणाऱ्या खुणेपासून, म्हणजे विहिरीच्या काठापासून किंवा देवळाच्या पायरीपासून, सुरुवात करा. दोन्ही काठ्या उभ्या धरा. समुद्राकडील काठीचे टोक आणि क्षितिज एका रेषेत दिसतील असा डोळा जमिनीकडील काठीला लावा. ती रेषा जमिनीकडील काठीला टोकापासून जितकी खाली छेदते, तितका तेथे उतार. कोठे वाळूचा उंचवटा लागला आणि समुद्राकडील काठीच उंच दिसली, तर जमिनीकडील टोकावरून पाहा आणि तो आकडा उणे न धरता अधिक धरा. मग दोरीएवढे पुढे सरका. असे पाण्यापर्यंत जा आणि आकडे आलेखावर मांडा. के. ओ. एमरी यांनी १९६१ मध्ये ही रीत प्रसिद्ध केली, आणि आजही जगभर ती वापरतात. दर महिन्याच्या अमावास्येला त्याच खुणेपासून मापन करा. वहीवर तारीख, वेळ आणि काडीकचऱ्याच्या सर्वांत वरच्या ओळीचे अंतर लिहायला विसरू नका. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असताना पाण्याच्या कडेपर्यंत जाऊ नये, वरच्या भागाचेच मापन करावे. दहावीच्या वर्गाने वही नववीच्या वर्गाकडे सोपवावी. मुले शाळा सोडून जातील, खूण मात्र तीच राहू द्यावी.